छाननी आणि मौन : जर्मनीच्या व्हिसाविषयी दोन बाजूंचा संवाद

संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमानुसार प्रत्येक माणसाला कोणताही देश, मग तो स्वतःचा का असेना, सोडून जाण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे. मात्र देश सोडून निघालेल्या माणसाला दुसऱ्या कोणत्या देशाने आत घ्यावे, याविषयी ते कलम काहीही बोलत नाही. निघण्याचा हक्क आहे पण शिरण्याचा नाही, अशी ही स्थिती असून व्हिसाचे सारे प्रशासन तिच्या आधारावर उभे आहे. पासपोर्ट हा नागरिकाला त्याच्याच सरकारने दिलेला ओळखीचा दस्तऐवज असतो, तर व्हिसा ही परक्या सरकारने आपल्या हद्दीत येण्यासाठी आगाऊ दिलेली परवानगी असते, आणि म्हणून पासपोर्टबाबत नागरिक ज्या अधिकाराने भांडू शकतो त्या अधिकाराने त्याला व्हिसाबाबत भांडता येत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टवाचून फिरता येत असे. युद्धकाळात आलेले निर्बंध युद्ध संपल्यावरही उठले नाहीत, १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत पासपोर्टचा सामायिक नमुना सुचवण्यात आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा झाला.

हा विषय सर्वसाधारण भाषेत मांडला तर तो लवकरच तक्रारीत किंवा उपदेशात विरून जातो, म्हणून येथे एकाच देशाचे उदाहरण घेतले आहे, ते जर्मनीचे. पुण्याचा जर्मनीशी संबंध जुना आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकात संशोधनासाठी बर्लिनला गेल्या आणि तेथून डॉक्टरेट घेऊन परतल्या, आणि पुण्यामुंबईच्या मॅक्समुल्लर भवनांत जर्मन शिकणाऱ्यांची ये-जा अनेक पिढ्या चालू आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत हाच सर्वांत मोठा गट ठरला. जर्मनीने १ मार्च २०२० पासून कुशल कामगारांच्या स्थलांतराचा स्वतंत्र कायदा लागू केला, ५ डिसेंबर २०२२ रोजी भारताशी स्थलांतर आणि गतिशीलतेचा करार केला, २०२३-२४ मध्ये कायदा आणखी सैल केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला होता. माणसे हवीत असे उघडपणे सांगणाऱ्या देशाच्या दारात माणसे महिनोन्‌महिने का थांबतात, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक टोकदार होतो.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत, परंतु त्यांची मते कल्पित नाहीत. एक आहेत मुंबईतील ज्येष्ठ वकील, ज्यांनी परदेशी वकिलातींसाठी जन्म, विवाह आणि शिक्षणाच्या दाखल्यांची पडताळणी करण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. दुसऱ्या आहेत पुण्यात परिचारिकांना आणि अभियंत्यांना जर्मन शिकवणाऱ्या अध्यापिका, ज्यांच्या वर्गातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी व्हिसाच्या रांगेत उभा राहतो.

वकील : बाई, दारावर कागद मागणे म्हणजे अपमान नव्हे, एवढे आधी मान्य व्हावे. व्हिसा अधिकाऱ्यासमोर अर्जदाराचे आयुष्य नसते, फाइल असते, आणि त्या फाइलवरून त्याला ठरवायचे असते की हा विवाह खरोखर झाला आहे का, हे मूल खरोखर याच आईबापांचे आहे का, ही पदवी खरी आहे का. दाखल्याची किंमत तो ज्या नोंदवहीतून निघाला त्या नोंदवहीच्या किमतीएवढीच असते. सार्वजनिक दस्तऐवजांवर एकच प्रमाणचिन्ह लावले की ते दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य धरावे, अशी सोय करणारा अपॉस्टिलचा हेग करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू झाला, पण त्या वेळी जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, म्हणून मंत्रालयापासून दिल्लीपर्यंत शिक्के मिळवलेला जन्मदाखला जर्मन कचेरीला पुरा पडत नाही. वकिलातीने स्वतः कागद प्रमाणित करण्याची जी जुनी पद्धत, तीही जर्मनीने भारतासाठी थांबवली आणि तिच्या जागी प्रत्यक्ष पडताळणी आणली. मग कोणीतरी वकील जिल्ह्याच्या गावी जातो, ग्रामपंचायतीची वही उघडून पाहतो, शाळेचा दाखला पाहतो, कधी शेजारीपाजारी विचारतो.

अध्यापिका : वही उघडण्याला कोणाचीच हरकत नाही, वकीलसाहेब. पण त्या वहीत नोंद नसेल तर त्याचा अर्थ काय लावायचा, ते कोण ठरवते?

वकील : कायदा ठरवतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी असे नियम सांगतात. पण त्याच कायद्यात उशिराच्या नोंदणीचीही वाट ठेवली आहे, आणि एक वर्ष उलटून गेल्यावरही दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद करता येते. म्हणजे तिसाव्या वर्षी, परदेशी जायचे ठरल्यावर, प्रतिज्ञापत्राच्या आधारे काढलेला जन्मदाखला कायद्याने पूर्ण वैध असतो, पण त्याच्यामागचा पुरावा बव्हंशी अर्जदाराचे आणि नातेवाइकांचे सांगणे एवढाच असतो. परक्या देशाच्या अधिकाऱ्याने त्याकडे थोडे थांबून पाहिले तर त्याला दोष कसा द्यावा?

अध्यापिका : उशिराची नोंद कोणाच्या घरी होते, ते पाहिले म्हणजे दोष कुठे पडतो ते कळेल. बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या टोळीत, फडाशेजारच्या कोपीत जे मूल जन्माला येते, त्याची खबर २१ दिवसांत कोणत्या ग्रामपंचायतीला द्यायची? गावच्या, की ज्या कारखान्याच्या हद्दीत टोळी उतरली आहे तिथल्या? सहा महिन्यांनी आईबाप गावी परततात तेव्हा मुलाला शाळेत घालण्याची घाई नसते, आणि पुढे शाळेत घालताना गुरुजी अंदाजे तारीख लिहितात. तीच मुलगी परिचारिका झाली, जर्मनच्या बी-दोन पातळीपर्यंत पोहोचली, रुग्णालयाने तिला नेमणुकीचे पत्र दिले, तर तिच्या फाइलमधला उशिराचा दाखला तिच्या गरिबीचा पुरावा म्हणून वाचला जात नाही, तो लबाडीचा संशय म्हणून वाचला जातो. मुंबईच्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला हा संशय येतच नाही, आणि त्यात तिचे काही कर्तृत्व नसते.

संवादातील हा पहिला खरा पेच आहे आणि तो सहज सुटणारा नाही. पडताळणीची पद्धत सर्वांना एकच असली तरी ज्यांच्या मागे राज्यसंस्थेने नीट नोंदी ठेवल्या त्यांना ती हलकी जाते आणि ज्यांना राज्यसंस्थेने नोंदवलेच नाही त्यांच्यावर ती सर्वांत जड पडते. गोव्याचे उदाहरण याच्या उलट टोकाला आहे. पोर्तुगीज काळातील नागरी नोंदवह्या तेथे जपल्या गेल्या, आणि १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना लिस्बन येथील नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. आजोबांच्या जन्माची एक जुनी नोंद सापडली की युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा मार्ग व्हिसावाचून मोकळा होऊ शकतो. एका किनाऱ्यावरच्या दोन शेजारी प्रदेशांतील माणसांच्या नशिबात एवढे अंतर पडते, आणि त्याचे कारण कोणाची लायकी नसून वसाहतीचा इतिहास आणि कारकुनाची वही हे आहे.

वकील : वहीतील दोष भारतीय प्रशासनाचा, एवढे तर मान्य आहे ना, बाई? मग तो दुरुस्त इथेच व्हायला हवा. नावांचेच पाहा. बहुतेक फाइली अडतात त्या गुन्हेगारीमुळे किंवा पैशामुळे नव्हे, तर नावामुळे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, आणि विवाहाच्या दाखल्यावर या तिन्हींची सरमिसळ. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याची सोय आहे, विवाह नोंदणीचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा आहे, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे निर्देश दिले. माणसे या गोष्टी व्हिसाचा अर्ज करायच्या आदल्या महिन्यात का करतात?

अध्यापिका : माणसे नव्हे, वकीलसाहेब, बायका. पुरुषाचे नाव जन्मापासून मरणापर्यंत एकच राहते, त्यामुळे त्याची फाइल नावावर अडत नाही. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि अनेक घरांत तांदळात नवे नाव लिहून तिचे पहिले नावही बदलले जाते. तिची पदविका आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने असते, पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. त्यातही पासपोर्टच्या अर्जात नावासाठी दोनच रकाने आहेत, एक आडनावाचा आणि एक दिलेल्या नावाचा. आपले नाव तीन पदांचे, म्हणून मधले पद दिलेल्या नावात जाते, आणि जर्मन कचेरी नवऱ्याचे नाव हे तिचेच दुसरे नाव समजून सगळ्या कागदांवर छापते. पुढे जर्मनीत मूल झाले की त्याच्या जन्मदाखल्यासाठी आईच्या नावाचा मेळ पुन्हा सिद्ध करावा लागतो.

वकील : तो रकान्यांचा प्रश्न खरा आहे. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. आईचे नाव कागदावर आले ही न्याय्य गोष्ट झाली. पण हीच मुले उद्या परदेशी जातील तेव्हा चार पदांचे नाव दोन रकान्यांत कसे बसवायचे, याची पद्धत आजच लिहून ठरवली नाही तर आणखी एका पिढीच्या फाइली अडतील.

या मुद्द्यावर दोघांत फारसा मतभेद उरत नाही, आणि ते बरेच आहे, कारण नावाचा घोळ हा परक्या सरकारशी भांडून सुटणारा प्रश्न नव्हे. तो शाळा, विवाह नोंदणी कार्यालय, परिचर्या परिषद आणि पासपोर्ट कार्यालय या चार ठिकाणी एकच नाव कसे लिहायचे याचा प्रश्न आहे, आणि हजारो तरुणांना परदेशी धाडण्याचे करार करणाऱ्या राज्याने भाषेच्या वर्गांइतकेच लक्ष त्याकडे दिले पाहिजे. मतभेद तीव्र होतो तो पैशाच्या आणि वेळेच्या मुद्द्यावर.

अध्यापिका : विद्यार्थ्याला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट दाखवावे लागते, म्हणजे असे खाते ज्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी भरायची आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ठरलेला हिस्साच काढायचा. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. त्याआधी ती ११,२०८ होती. त्याशिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचे प्रमाणपत्र, म्हणजे भारतातील शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दिल्लीतील परीक्षण केंद्राचा निर्वाळा, बहुतेक सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये ठरले. सरकारी विद्यापीठाची पदवी खरी आहे हे सिद्ध करण्याचा खर्च ती पदवी कष्टाने मिळवणाऱ्याने का करावा?

वकील : कारण खोटी पदवी विकणाऱ्याने तो केलेला नाही, आणि खऱ्याखोट्याची निवड कोणीतरी करायलाच हवी. एपीएस ही भारताविषयीच्या अविश्वासातून निघालेली नवी कल्पना नव्हे. असे केंद्र बीजिंगमध्ये २००१ पासून चालू आहे. एकदा निर्वाळा मिळाला की विद्यापीठाला आणि वकिलातीला तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम तर शुल्कही नव्हे, ती विद्यार्थ्याचीच असते आणि त्यालाच परत मिळते. परक्या शहरात पहिल्या हिवाळ्यात खिशात पैसे नसलेल्या मुलाचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते या खात्याला जाच म्हणणार नाहीत.

अध्यापिका : रक्कम परत मिळते, पण तिच्यावरचे व्याज मिळत नाही. ज्याच्या वडिलांच्या ठेवीतून ती जाते त्याला ती परत मिळते. ज्याने शेत गहाण ठेवून शैक्षणिक कर्ज काढले, त्याच्या घरी ती गोठलेली असतानाही हप्त्याचे व्याज चढत राहते, आणि व्हिसाला चार महिने उशीर झाला तर चार महिन्यांचे व्याज त्या उशिरापायी भरले जाते. वेळ हाही खर्चच आहे, आणि त्या खर्चाची पावती कोणी देत नाही.

खात्यापुरते पाहिले तर वकिलांचे म्हणणे अधिक बळकट आहे. विद्यार्थ्याला निर्वाहाचे साधन असावे ही अट अन्यायाची नाही, रक्कम आधीच ठाऊक असते, तिचा नियम लेखी असतो आणि तो सर्वांना सारखा लागू होतो. आधी कळलेल्या अटीसाठी माणूस तयारी करू शकतो. अध्यापिकांच्या बोलण्यातला जो भाग उरतो, तो मात्र खात्याच्या रकमेहून फार मोठा आहे, कारण त्यात अटीविषयी तक्रार नसून अनिश्चिततेविषयी आहे.

वकील : वेळेच्या बाबतीतही परिस्थिती बदलली आहे, बाई. जर्मनीचे वकिलाती सेवांचे संकेतस्थळ १ जानेवारी २०२५ पासून जगभरातील १६७ व्हिसा कार्यालयांसाठी खुले झाले, त्यामुळे कागद आधी ऑनलाइन तपासले जातात आणि अपुरी फाइल घेऊन कोणाला प्रवास करावा लागत नाही. अर्जांचा भार हलका करण्यासाठी ब्रांडेनबुर्ग आन डेर हाफेल येथे परराष्ट्र खात्याचे स्वतंत्र कार्यालय २०२१ पासून काम करते. नोकरी हातात नसलेल्यांसाठीही जून २०२४ पासून गुणांवर आधारित संधी-कार्ड आले, ज्यावर वर्षभर राहून काम शोधता येते. आणि ज्याला घाई आहे त्याच्यासाठी निवास कायद्याच्या ८१-अ कलमात जलद प्रक्रिया आहे. नोकरी देणारी संस्था जर्मनीतील परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरते, पदवीची मान्यता आणि रोजगाराची मंजुरी तिथेच आधी मिळते, मग वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि पूर्ण अर्जावर साधारणपणे पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय करायचा, असा नियम आहे.

अध्यापिका : तो नियम फार उपयोगी आहे, वकीलसाहेब, पण तो आपण समजता त्यापेक्षा वेगळी गोष्ट सिद्ध करतो. त्यावरून दिसते की कचेरीला तारीख देता येते. मग ती सर्वांनाच का देता येत नाही? अर्ज दाखल केल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या काळात मुलींना विचारायला कोणी नसते. अर्ज स्वीकारणारी मध्यस्थ कंपनी सांगते की निर्णय आमच्याकडे नाही, आणि ते खरेच असते, कारण ती फक्त कागद गोळा करून पुढे पाठवते. वकिलात सांगते की प्रक्रिया चालू असताना चौकशी करू नये. या मधल्या पोकळीत एजंट शिरतो, जो भेटीची वेळ मिळवून देण्याचे पैसे घेतो आणि ज्याला प्रत्यक्षात काहीही ठाऊक नसते.

वकील : प्रत्येकाने रोज विचारले तर निर्णय कोण करणार?

अध्यापिका : कोणी रोज विचारत नाही, ज्याला काहीच सांगितले जात नाही तोच विचारतो. आणि नकार आला तरी तो का आला हे पुरते कळत नाही. भारतात ही गोष्ट न्यायालयाने कधीच निकालात काढली आहे. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट जप्त झाला, सार्वजनिक हिताचे कारण पुढे करून तपशील देण्यास सरकारने नकार दिला, आणि जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, तिला मनमानी असता येणार नाही, आणि बाधित माणसाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

वकील : तो खटला पासपोर्टचा होता, आणि सारा फरक तिथेच आहे. नागरिकाचे आपल्या राज्याशी जे नाते असते ते परक्याचे नसते. जर्मन निवास कायद्याच्या ७७व्या कलमाचा सर्वसाधारण नियम असा, की देशात येण्यापूर्वी व्हिसा नाकारला तर त्याचे कारण देण्याचे बंधन नाही. युरोपीय संघाच्या निर्देशांमुळे काही प्रकारांना त्यातून अपवाद मिळाला आहे आणि व्यवहारात थोडक्यात कारण लिहिलेही जाते, पण ते सौजन्य आहे, अर्जदाराचा हक्क नव्हे. शिवाय सविस्तर कारण देण्यात धोका असतो. कोणत्या विसंगतीवरून बनावट कागद पकडला हे लिहून दिले, की पुढचा बनावट कागद त्या विसंगतीवाचून तयार होतो.

अध्यापिका : मग ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचे काय? दहा दिवस पॅरिस पाहायला जाणाऱ्या प्रवाशाला नकार आला तर युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेप्रमाणे ठरावीक नमुन्यावर कारणाची खूण करून द्यावी लागते, दाद कुठे मागायची हे सांगावे लागते, आणि निर्णयासाठी साधारण पंधरा दिवसांची, फार तर पंचेचाळीस दिवसांची मर्यादा असते. त्यामुळे युरोपात बनावट कागदांचा पूर आला असे कोणी म्हटलेले नाही. सहलीला जाणाऱ्याला जे मिळते, ते आयुष्य उचलून जाणाऱ्याला का मिळू नये?

या प्रश्नाला वकिलांकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि ते असणे कठीणही आहे. अल्पकाळाच्या व्हिसाचे नियम सर्व सदस्य देशांनी मिळून केले म्हणून त्यांत मुदत आणि कारण दोन्ही आले, तर दीर्घ निवासाचा व्हिसा प्रत्येक देशाने स्वतःच्या हातात ठेवला म्हणून त्यात राज्याची मर्जी अधिक उरली, हे या तफावतीचे ऐतिहासिक स्पष्टीकरण झाले. तिचे समर्थन मात्र त्यातून होत नाही. ज्याच्या निर्णयावर नोकरी, कर्ज, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईबापांची व्यवस्था अवलंबून आहे, त्याला कमी माहिती देणे आणि ज्याची फक्त सुट्टी अवलंबून आहे त्याला अधिक देणे, हा क्रम उलटा आहे.

वकील : दाद मागण्याची सोय मात्र दोन्हीकडे आहे. नकाराविरुद्ध बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो, आणि निर्णयच होत नसेल तर तीन महिन्यांनंतर निष्क्रियतेविरुद्धही दावा लावता येतो. परक्या माणसाला आपल्याच न्यायालयात आपल्याच सरकारविरुद्ध उभे राहू देणारे देश जगात फार नाहीत.

अध्यापिका : ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचा आदर ठेवूनच पुढचे बोलायचे आहे. त्या दाव्याआधी एक साधी पायरी होती, फेरविचाराच्या अर्जाची. नकार आला की माणूस वकिलातीलाच पत्र लिहून सांगू शकत असे की हा कागद पाहायचा राहिला, हे नाव असे का आहे त्याचे कारण हे आहे, आणि त्यासाठी शुल्क नव्हते. ती पायरी १ जुलै २०२५ पासून जगभर काढून टाकली.

वकील : ती कायद्यात कधीच नव्हती, बाई, ती परराष्ट्र खात्याने स्वेच्छेने दिलेली सोय होती. त्या अर्जांत जे अधिकारी गुंतत ते आता नव्या अर्जांवर काम करतात, म्हणजे रांग कमी होते. कागद राहिला असेल तर नवा अर्ज करायला कोणी अडवलेले नाही.

अध्यापिका : नवा अर्ज म्हणजे पुन्हा ७५ युरो, पुन्हा भेटीची वेळ, पुन्हा तेवढीच प्रतीक्षा, आणि ऑक्टोबरचे सत्र तोवर सुरू झालेले असते. बर्लिनचा दावा जर्मन भाषेत, जर्मन वकिलामार्फत चालवायचा तर त्याचा खर्च त्या परिचारिकेने कुठून आणावा? नाव सासरचे का आहे एवढे सांगण्यासाठी एका बाईला न्यायालयात जावे लागू नये. रांग कमी झाली हे खरे असेल, पण ती कमी झाली ती ज्यांना उत्तर हवे होते त्यांना रांगेतून काढून.

वकील काही काळ थांबून हे मान्य करतात की आपल्या पडताळणीच्या कामात नावाच्या घोळाच्या अनेक फाइली एका पत्राने मिटत असत, आणि तसे पत्र पाठवण्याची जागा बंद झाल्याने प्रामाणिक अर्जदाराचे नुकसान बनावट अर्जदारापेक्षा अधिक होते, कारण बनावट अर्जदार तसाही दुसऱ्या नावाने पुन्हा येतो. तरीही निर्णयाची संपूर्ण कारणे उघड करण्याला त्यांचा विरोध कायम राहतो. अध्यापिका तो आग्रह बाजूला ठेवून आपली मागणी लहान करतात, आणि लहान केल्यामुळेच ती अधिक पक्की होते.

अध्यापिका : जर्मनीच्या आत एक चांगली पद्धत आहे. निवास परवान्याची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला आणि कचेरीकडून निर्णय व्हायला उशीर झाला, तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा दाखला मिळतो, ज्याच्या आधारे निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे कायदा धरून चालतो. म्हणजे कचेरीच्या उशिराचा भुर्दंड माणसाला पडू नये, हे तत्त्व जर्मन कायद्याला ठाऊक आहे.

वकील : तिथे माणसाकडे आधीचा परवाना असतो. बाहेर उभ्या असलेल्याकडे चालू ठेवण्यासारखे काही नसते.

अध्यापिका : म्हणून परवाना मागितलेला नाही, वकीलसाहेब. अर्ज पूर्ण आहे की अपुरा, तो सध्या वकिलातीकडे आहे, परदेशी नागरिक कार्यालयाकडे आहे की पडताळणीला गेला आहे, आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल, एवढे लेखी मिळावे. ४११ युरो भरणाऱ्याला तीन आठवड्यांची तारीख देता येते, तर न भरणाऱ्याला सहा महिन्यांची देता येईल.

वकील : आणि सहा महिन्यांची तारीख चालेल?

अध्यापिका : चालेल. तारीख हातात असली की परिचारिका इथल्या रुग्णालयाला राजीनाम्याची नोटीस कधी द्यायची ते ठरवते, भाड्याची खोली कोणत्या महिन्यापर्यंत ठेवायची ते ठरवते, मुलाला यंदा इथल्या शाळेत घालायचे की नाही ते ठरवते, आणि तिकडचे रुग्णालय तिची जागा राखून ठेवायची की दुसरी माणसे पाहायची ते ठरवते.

वकील : पडताळणीला गेलेल्या फाइलीपुरती अशी तारीख देणे अवघड आहे, कारण गावच्या वहीत काय सापडेल ते आधी सांगता येत नाही. पण फाइल पडताळणीला गेली आहे, एवढे कळवण्यात काही अडचण दिसत नाही, आणि नाव जुळत नसेल तर तेही त्याच पत्रात विचारता येईल.